सोनखताची बखर

दिवाळीच्या पहाटे आगपेटीच्या कडेवर काडी ओढून आपण फुलबाजी पेटवतो, तेव्हा दोन जुन्या सोबत्यांची गाठ पडते आणि ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. आगपेटीच्या त्या तपकिरी पट्टीत स्फुरद असते, म्हणजे फॉस्फरस. फुलबाजीच्या तारेवरच्या करड्या मसाल्यात बेरियमचे नायट्रेट असते, म्हणजे त्यात नत्र आले. आमच्या पाचोडात हे दोन शब्द शाळेत शिकवावे लागत नाहीत. मोसंबीच्या बागांचा हा गाव. इथल्या पाचवीतल्या पोरालाही नत्र, स्फुरद, पालाश ही त्रिमूर्ती तोंडपाठ असते. कारण घराच्या ओसरीवर खताची पोती असतात आणि पोत्यांवर आकडे असतात.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सातवीच्या मुलांना घेऊन मी गावाबाहेर ओढ्याकडे गेलो होतो. गावचे सांडपाणी जिथे तुंबते त्या डबक्यावर दुधावर धरावी तशी हिरवी साय धरली होती, आणि कडेला चार मासोळ्या पोट वर करून पडल्या होत्या. एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे हिरवं कशानं?"

मी म्हणालो, "सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदानं."

"पण ते तर बाबा बागेला विकत आणून घालतात. मग इथं ते वाईट कसं?"

आता रसायनशास्त्र मी मॅट्रिकला होते तेवढेच शिकलो. पोट भरते शिकवण्यावर आणि हौस भागते कादंबऱ्या लिहिण्यावर. तिथल्या तिथे मी जे उत्तर दिले ते अर्धे होते. ते पुरे करावे म्हणून पुस्तके चाळू लागलो, तो रसायनाऐवजी इतिहासातच जाऊन पडलो. त्या इतिहासात मातीत राबणारे नुनिया भेटले, पोवाडे गोळा करणारा एक इंग्रज साहेब भेटला, तुरुंगात मैला उचलायला मिळावा म्हणून उपाशी राहणारा एक विद्वान ब्राह्मण भेटला, आणि बंगळूरच्या प्रयोगशाळेतले तिघे जण भेटले, ज्यांची नावे आपल्याला ठाऊक असायला हवी होती. त्यांचीच ही बखर.

आरंभ सोऱ्यापासून करू. तोफेच्या दारूत तीन जिनसा असत: कोळसा, गंधक आणि सोरा. पहिल्या दोन मिळवणे सोपे. सोरा मात्र मिळे तो बिहारकडच्या गावांतून, आणि तोही गोठ्यांच्या नि जुन्या भिंतींच्या बुडातून. गुरांचे मूत आणि घरचे सांडपाणी जिथे वर्षानुवर्षे मुरते, तिथे पाऊस सरल्यावर जमिनीवर पांढरी बुरशीसारखी खारी साय चढते. नुनिया जातीचे लोक ती माती खरवडून, भिजवून, पाणी आटवून सोऱ्याचे खडे पाडीत. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हा सोरा भरभरून युरोपात नेत, आणि तिकडचे राजे तो एकमेकांवर उडवीत. गोठ्यातल्या मुताची युरोपच्या रणांगणावर अशी राख होत होती!

मुताचा सोरा होतो कसा, हे मात्र पुष्कळ दिवस कोणाला उमगले नव्हते. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून गटाराचे पाणी थेंब थेंब सोडले. सुमारे वीस दिवस काही घडले नाही. मग खालून पडणाऱ्या पाण्यात सोऱ्याचा अंश, म्हणजे नायट्रेट, दिसू लागला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा तो थांबला. पुन्हा ताजी माती घातली तेव्हा सुरू झाला. ज्या गोष्टीला गुंगी येते ती जिवंत असली पाहिजे. मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव हे काम करीत होते. पुढे त्याच शतकात हेही कळले की, हवा मिळाली नाही तर दुसऱ्या जातीचे जीव या नायट्रेटमधला प्राणवायू ओरबाडून घेतात आणि उरलेला नत्र वायुरूपाने आकाशात सोडून देतात. म्हणजे एक मंडळी नत्राला पाण्यात पक्की बांधतात आणि दुसरी त्याला मोकळे करतात. सांडपाण्यातून नत्र काढण्याची सगळी विद्या आजही या दोन वाक्यांत आहे. बाकी सारे हौद, पंप आणि विजेचे बिल.

स्फुरदाची जन्मकथा याहून गमतीची. हॅम्बुर्ग शहरात १६६९ साली हेनिग ब्रांट नावाच्या एका किमयागाराला सोने करायचे होते. पिवळ्या रंगावरून त्याला वाटले असावे की मुतात सोने असणार. त्याने पिंपेच्या पिंपे मूत्र आटवले, भाजले, तापवले. सोने हाती आले नाही. अंधारात आपोआप उजळणारा एक मेणचट पदार्थ आला. प्रकाश वाहणारा म्हणून त्याचे नाव पडले फॉस्फरस. आपल्या दिवाळीच्या काडीला तेच आले आहे. मनुष्यदेहातून निघणाऱ्या स्फुरदाचा मोठा वाटा मुतात असतो आणि नत्राचा तर बहुतेक सगळाच, हे त्या बिचाऱ्याने न कळत सिद्ध करून ठेवले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मैल्याला माती-राख मिसळून, कुजवून केलेल्या खताला आपल्या भाषेने नाव दिले सोनखत. ब्रांटला जे सोने सापडले नाही ते आमच्या कुणब्याला आधीच माहीत होते, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण तो आवरला पाहिजे, कारण कुणबीही या खताला पहिल्याने नाक मुरडीतच होता. सरकारने हिंदी शेती पाहण्यासाठी व्होएल्कर या रसायनज्ञाला १८८९ साली विलायतेहून आणले. १८९३ साली त्याचा जाडजूड अहवाल निघाला. पुण्याच्या मैल्याचे खत करून ते उसाच्या मळ्यांना जाते, याची नोंद त्यात आहे. मुठा कालव्याचे पाणी मिळाल्यावर उसाला भूक लागली होती, आणि शहरापाशी ती भागवण्याचा ऐवज होता. शहराने खाल्लेले शेताला परत मिळत होते. कागदावर हा व्यवहार इतका सुबक दिसतो की जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना तो फार आवडतो.

पण कागदावर टोपली दिसत नाही. तो मैला शेतापर्यंत आपल्या पायांनी चालत गेला नव्हता. पहाटे घरामागच्या बोळातून एक बाई किंवा बुवा येई, पाटी भरी, डोक्यावर घेई, आणि दिवस उगवल्यावर त्याच माणसाची सावली नको म्हणून लोक बाजूला सरत. उसाला सोनखत मिळाले, पुण्याला स्वच्छता मिळाली, मळेवाल्याला पैसा मिळाला. आणि ज्याच्या डोक्यावरून हे सारे गेले त्याला विटाळ मिळाला. सोनखताची बखर लिहायची तर हे पान गाळून चालणार नाही. मैला माणसाकडून वाहून नेण्याची प्रथा बंद करणारा कायदा या देशात १९९३ साली झाला, तो अपुरा पडला म्हणून पुन्हा २०१३ साली झाला. एवढ्यावरून ती पाटी किती जड होती हे कळावे.

याच सुमारास मुंबईत एक निराळा प्रयोग चालला होता. हॅरी अ‍ॅक्वर्थ हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा माणूस दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक आहे: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्याने १८९१ साली इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे आणि स्त्रियांचे पोवाडे छापले, आणि १८९४ त त्यांतल्या काहींचा इंग्रजी पद्यानुवाद काढला. गोंधळ्यांच्या मुखातले पोवाडे टिपून घेणारा हाच साहेब १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारीत होता. रस्त्यावर, देवळांच्या पायऱ्यांवर पडलेली ती माणसे तिथे आणली गेली. त्यांच्या मैलापाण्याचे काय करायचे, हा प्रश्न आला. कारण धडधाकट माणसाच्या मैल्याला जो हात लावत नाही, तो महारोग्याच्या मैल्याला काय लावणार?

कार्कीट जेम्स नावाच्या म्युनिसिपालिटीच्या इंजिनिअरने त्यावर तोड काढली. मैलापाणी झाकलेल्या टाकीत घ्यायचे, हवेवाचून तिथे कुजू द्यायचे, आणि वर आलेले पाणी आवारातल्या शेताला द्यायचे. टाकीत कुजताना जो वायू निघे तो धरून १८९७ च्या सुमारास त्यावर दिवे लावले, पुढे इंजिनही चालवले. इंग्लंडात एक्सेटरला असेच दिवे नुकतेच, १८९५ त, लागले होते; म्हणजे माटुंगा जगाच्या फारसे मागे नव्हते. जेम्सने पुढे पूर्वेकडील देशांच्या सांडपाण्यावर जे पुस्तक लिहिले, ते १९०६ साली निघाले. मला या सगळ्यांत एक गोष्ट मोठी वाटते. समाजाने ज्यांना गावाबाहेर काढले त्यांच्याच आवारात, कोणाच्याही डोक्यावर पाटी न देता, नत्र-स्फुरद जमिनीला परत गेले. तो आश्रम अ‍ॅक्वर्थच्याच नावाचे रुग्णालय म्हणून वडाळ्यात आजही आहे. पोवाड्यांचे संपादक म्हणून ज्यांनी त्याचे नाव वाचले असेल, त्यांनी मुंबईला गेल्यावर तेही एकदा पाहावे.

माटुंग्याने पाटी खाली उतरवली ती नळाने. रत्नागिरीत एका माणसाने ती उतरवण्याऐवजी स्वतःच्या डोक्यावर घेतली. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणचे अप्पा. गांधीजींच्या चळवळीत ते १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम मागितले. त्या काळचा शब्द तो, म्हणून तसाच ठेवतो. तुरुंगाचा नियम असा की हे काम त्या जातीच्या कैद्यांनीच करायचे. सवर्णाने करायचे नाही, मग तो कितीही मागो. अप्पांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळले, आणि ३ डिसेंबरला त्यांनीही उपास धरला. प्रश्नाचा विचार करतो असे सरकारने सांगितल्यावर तो दुसऱ्या दिवशी सुटला, आणि पुढे नियमही सैल झाला. स्वराज्याच्या लढाईत मिठासाठी सत्याग्रह झाला हे प्रत्येक मूल शिकते. मैला उचलण्याच्या हक्कासाठी झाला, हे मी स्वतः चाळिशी उलटल्यावर वाचले.

सुटल्यावर अप्पा ते विसरले नाहीत. १९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, चामडे, गोबरगॅस आणि संडास यांवर काम चाले. मैल्यावर माती आणि पालापाचोळा घालून, वास नि माशी न होता, त्याचे निर्धोक खत करणारा साधा संडास त्यांनी बसवला. लोक त्याला गोपुरी संडास म्हणू लागले. गुरुत्वाचा भाग असा की कुजून माती झालेले खत उचलायला कोणत्याही जातीचा हात चाले. त्याच वाटेने पुढे देहूचे डॉक्टर मापुसकर गेले. तुकोबांच्या गावी सरकारी दवाखान्यात आलेला हा डॉक्टर जंतांवर औषधे देऊन कंटाळला आणि संडास बांधू लागला. अप्पांचा सल्ला त्याला मिळाला होता. संडासाला जोडलेले गोबरगॅस त्याने घराघरांत नेले. मरणोत्तर पद्मश्री मिळाली तेव्हा २०१७ साल उजाडले होते.

मात्र अप्पांची युक्ती खेड्याची. अंगण आहे, परसदार आहे, शेत हाकेच्या अंतरावर आहे, तिथली. चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, साखळी ओढताच मैला पाण्याबरोबर दृष्टीआड जाऊ लागला, तेव्हा प्रश्नाचे रूपच बदलले. पाटी गेली, हे फार चांगले झाले. पण एका माणसाच्या मैल्यात आता घडेच्या घडे पाणी मिसळले, आणि त्याचे खत करणे म्हणजे समुद्रात पडलेली साखर पुन्हा वेचणे झाले.

ते वेचण्याची विद्या इंग्लंडातल्या मँचेस्टरला सापडली. गिल्बर्ट फौलर हे तिथल्या सांडपाण्याचे रसायनज्ञ. १९१२ साली ते अमेरिकेत एक प्रयोग पाहून आले आणि परत आल्यावर आपल्या आर्डर्न नि लॉकेट या सहकाऱ्यांना त्यांनी तो सुचवला. सांडपाण्यात हवा फुंकायची. खाली जो गाळ बसतो तो फेकून न देता पुन्हा नव्या पाण्यात घालायचा. दह्याच्या विरजणासारखाच हा प्रकार. विरजण मुरत गेले की दही लवकर लागते. तसा गाळातल्या जीवांचा मुरलेला संसार नव्या पाण्यातली घाण काही तासांत खाऊन टाकतो. एप्रिल १९१४ मध्ये हा शोध जाहीर झाला. आज जगभरच्या मोठ्या शहरांचे बहुतेक सांडपाणी या ना त्या रूपात याच विरजणाने शुद्ध होते.

आणि हे फौलर साहेब १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले! हिंदुस्थानात आल्यावर मँचेस्टरची दृष्टी पालटली असावी, असे मला वाटते. तिकडे घाण कशी घालवावी याची चिंता होती. इकडे भुकेली जमीन दिसत होती. १९३४ साली त्यांनी जे पुस्तक लिहिले त्याचा विषय सांडपाणी नव्हे, नत्राचे जतन हा आहे. त्याच्या तीनच वर्षे आधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी काडीकचऱ्याच्या खताची इंदूर पद्धत पुस्तकरूपाने मांडली होती. दोन्हीकडचा ध्यास एकच: जमिनीतून निघालेले जमिनीला जावे.

फौलर यांनी लावलेल्या त्याच झाडाला १९५९ साली एक फळ आले. बंगळूरच्या त्याच संस्थेत श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लै या तिघांच्या नजरेला आले की हवा दिलेला हा गाळ कधीकधी पाण्यातले स्फुरद गरजेपेक्षा फार जास्त, आणि फार भराभर, शोषून घेतो. जिवाला अंग वाढवायला जितके लागते तितकेच तो घेईल, ही तोवरची समजूत. पण इथे तो अधाशासारखा साठवीत होता. असा अनुभव छापून जगापुढे ठेवणारे हे पहिलेच, असे या शास्त्राच्या इतिहासात नोंदले जाते. पुढे १९६५ साली अमेरिकेत लेव्हिन आणि शापिरो यांनी या अधाशीपणाला नीट नाव दिले. यांतले लेव्हिन मोठे नमुनेदार: सांडपाण्यातले जीव शोधता शोधता त्यांनी मंगळावरचे जीव शोधण्याचे यंत्र बनवले, आणि १९७६ साली व्हायकिंग यानांबरोबर ते मंगळावर उतरलेही.

हे जीव एरवी नेमस्त आणि कधीकधी अधाशी का होतात, याचे कोडे दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड या इंजिनिअरने सत्तरीच्या दशकात सोडवले. ते मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी!" यापेक्षा नेमके मी सांगू शकणार नाही. त्या जिवांना आधी हवेचा उपास घडवायचा. हवा नाही, नायट्रेटही नाही, अशा हौदात ते आपल्या गाठीचे स्फुरद मोडून त्या बळावर तग धरतात. पाण्यात स्फुरद उलट वाढते, आणि नवखा माणूस घाबरून जातो. मग त्यांना हवेच्या हौदात सोडायचे. तिथे द्वादशी! जेवढे गेले तेवढे, आणि त्यावर दुप्पट-तिप्पट स्फुरद ते अंगात भरून घेतात. अशा वेळी गाळ बाजूला काढला की स्फुरद पाण्यातून निघून गाळात येते. नत्राची सोयही त्याच मांडणीत होते: हवेच्या हौदात त्याचे नायट्रेट करायचे, ते पाणी बिनहवेच्या हौदात फिरवून न्यायचे, तिथे दुसरे जीव ते फोडून वायू करतात. औषध टाकायचे नाही, फक्त उपास आणि पारणे यांचा क्रम सांभाळायचा.

एवढा आटापिटा कशासाठी? १९७३ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एका निर्जन सरोवराच्या मधोमध पडदा बांधला. एका अर्ध्यात साखर आणि नत्र घातले, दुसऱ्या अर्ध्यात तेच आणि वर थोडे स्फुरद. पहिला भाग निळा राहिला आणि दुसरा आमच्या ओढ्यातल्या डबक्यासारखा हिरवा झाला. विमानातून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर गेले. एक किलो स्फुरद मिळाले तर सुकवल्यावर शंभर किलोंहून अधिक भरेल एवढे शेवाळ पोसते. ते शेवाळ मरून कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मासे पोट वर करतात. पोराच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. खत तेच, शेतात त्याने मोसंबी वाढते, तळ्यात शेवाळ. खताला शेत कुठले नि तळे कुठले हे कळत नाही.

आणि आमचे तळे काही डबके नव्हे. पाचोड पैठण तालुक्यात. पैठणला नाथांच्या नावाचा सागर आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. एकशे दोन टीएमसीचा हा जलाशय म्हणजे मराठवाड्याचा रांजण. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, याच रांजणात तांब्या बुडवते.

त्या शहराचा पाण्याचा इतिहास मोठा दिमाखाचा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात खेळवले, आणि पाणचक्की पाहायला अजून लोक जातात. पाणी आत आणण्याची विद्या आमच्याकडे अशी चारशे वर्षांची. वापरलेले पाणी बाहेर कुठे जाते, ते विचारण्याची मात्र रीत नव्हती. ते खाम नदीत जाई. जटवाड्याच्या डोंगरातून निघणारी ही नदी पाणचक्कीच्या अंगावरून, शहराच्या पोटातून वाहते आणि खाली नाथसागराला मिळते. म्हणजे वरून तांब्याने घेतलेले शहर खालून त्याच रांजणात ओतते! वर नाशिकचे सांडपाणी गोदावरीतून येतेच. नाशिककर दरवर्षी पाणवेलींच्या नावाने बोटे मोडतात, त्या पाणवेली याच नत्र-स्फुरदावर पोसलेल्या असतात.

शहराने हातपाय हलवले नाहीत असे नाही. कांचनवाडीला मोठे शुद्धीकरण केंद्र झाले. खाम नदी साफ करण्याची मोहीम २०२१ च्या सुमारास उभी राहिली, आणि जिथे नाक धरावे लागे तिथे काठावर माणसे फिरायला येऊ लागली. पण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना नितळ दिसले म्हणजे त्यातले नत्र-स्फुरद गेले असे नव्हे. साध्या विरजणाने घाण जाते. स्फुरदाचा बराच भाग तसाच नितळ पाण्यातून पुढे जातो. त्यासाठी एकादशीचा हौद मुद्दाम बांधावा लागतो, आणि तो बांधायला भाग पाडणारा नियम लागतो.

नियमाची कथा अशी. सांडपाणी केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१५ त जो मसुदा काढला, त्यात एकूण नत्र लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आत असावे अशी अट होती. २०१७ च्या ऑक्टोबरात पक्की अधिसूचना आली तेव्हा नत्राचा रकानाच नाहीसा झाला होता. खर्च परवडणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात कडक मर्यादांचा पक्ष घेतला, आणि मोठ्या शहरांचे पाणी तळ्यांत सोडायचे तर त्यात स्फुरद लिटरला एक मिलिग्रॅमपुरतेच असावे, ही गोष्टही त्यात आली. कच्च्या सांडपाण्यात ते साधारण पाच ते दहा मिलिग्रॅम असते. रकाना गाळण्याचा तो निर्णय मला सरळ चुकीचा वाटतो. गरीब देशाला महाग शुद्धीकरण परवडत नाही हे खरे. पण रांजण नासवणेही त्याच गरिबाला परवडत नाही.

तरी माझ्या मनातला खरा सल निराळाच आहे. युरियातला नत्र आपण आकाशातून खाली ओढतो, नैसर्गिक वायू जाळून, प्रचंड दाबाखाली. हाबर या जर्मन शास्त्रज्ञाची ही किमया. तो पिकात जातो, पिकातून आपल्यात येतो, आपल्यातून गटारात जातो, आणि तिथे पुन्हा वीज जाळून आपण त्याला आकाशात सोडून देतो. निदान आकाश मोठे आहे, तिथून पुन्हा आणता येईल. स्फुरदाचे तसे नाही. ते खडकातून निघते, आणि तो खडक आपण बहुतांशी मोरोक्को-जॉर्डनसारख्या दूरच्या देशांतून आणतो. कारखान्यात ते घडवता येत नाही. गाळात अडवलेले स्फुरद कचऱ्याच्या ढिगात टाकले, तर बंगळूरच्या तिघांची सगळी हुशारी मातीमोल. म्हणून अलीकडे परदेशांत त्या गाळाच्या पाण्यात मॅग्नेशियम घालून स्फुरदाचे पांढरे खडे पाडतात आणि खत म्हणून विकतात. स्ट्रुव्हाइट म्हणतात त्यांना. हा खनिज पदार्थ प्रथम ओळखला गेला १८४५ साली, एका चर्चच्या पायाखाली शेणामुताने मुरलेल्या जुन्या मातीत. शहर कोणते? तेच, ब्रांटचे हॅम्बुर्ग.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. एक माणूस वर्षाला साधारण चार किलो नत्र आणि अर्धा किलो स्फुरद देहाबाहेर टाकतो. युरियाचे पोते पंचेचाळीस किलोंचे, त्यात शेकडा शेहेचाळीस नत्र, म्हणजे सुमारे वीस किलो सातशे ग्रॅम. तर पाच माणसांच्या घरातून वर्षाला किती पोती युरिया जातो? मुलांनी बोटे मोजली. जवळजवळ एक. मग प्रत्येकाने आपापल्या घरची माणसे मोजली, आणि ओढ्यावर ज्याने प्रश्न विचारला होता तो सात माणसांच्या घरातला निघाला. त्याने दोनदा गुणाकार करून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमचं सव्वा पोत्याच्या वर जातं. बाबांना सांगितलं तर ते संडासाला कुलूप लावतील."

वर्ग हसला, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. मला वाटले तक्रार असणार. त्यांनी विचारले की घरामागच्या दोन खड्ड्यांच्या संडासाचा पहिला खड्डा भरून, बंद करून दोन वर्षे झाली आहेत. त्यातले खत आता मोसंबीला घातले तर चालेल काय, आणि ते काढायला माणूस कुठला मिळेल. मी म्हणालो, चालेल. दोन वर्षांत त्याची माती झाली असेल. आणि माणूस शोधू नका, रविवारी मी येतो, फावडे तुमचे.

रविवारी आम्ही दोघांनी तो खड्डा उपसला. काळसर, भुसभुशीत माती निघाली, वास मुळीच नव्हता. भिंतीपलीकडून दोन शेजारी बराच वेळ पाहत उभे होते. त्यांतला एक शेवटी घमेले घेऊन आला.